बेथी डॉइगचे हात

नॉर्मन क्राइटन वारले तेव्हा गोल्फ क्लबाच्या फळ्यावर चार ओळींची सूचना लागली. अठ्ठावीस वर्षं क्लबाचे शिक्षक, असंख्य खेळाडू घडवले, शांत स्वभाव, वगैरे. असंख्य मुळीच नाही. मी जन्मभर गणित शिकवलं, मला 'असंख्य' म्हटलेलं चालत नाही. आणि शांत स्वभाव म्हणजे काय, तर माणूस बोलत नसे. का बोलत नसे हे आमच्या या बंदराच्या गावात, पिटहेवनमध्ये, आता मला एकटीलाच माहीत आहे, आणि माझंही वय झालं, म्हणून लिहून टाकते. त्यांनी एका मुलीचा हात बिघडवला होता. तो तिला परत कसा द्यायचा, या एका गोष्टीपायी त्यांची पुढची तेहतीस वर्षं गेली.

नॉर्मन इथलेच. वडील बंदरावर बर्फाच्या कारखान्यात होते. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते क्लबाच्या त्या वेळच्या शिक्षकाकडे, टॅम पिअरीकडे, उमेदवारीला लागले. तेव्हा शिक्षकच काठ्या बनवायचा, दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात शिकवायचा. पिअरी म्हातारा भलता कडक. नव्या पोराला शिकवण्याची त्याची एक रीत होती. काठीच्या मुठीवर चामडं चढवण्याआधी तो खाली मेणाचा दोरा अशा बेताने गुंडाळायचा, की वरून बारीक कंगोरे यावेत. बोटं त्या कंगोऱ्यांच्या मधे बसली तर ठीक, नाहीतर टोचायची. एक हिवाळा ती काठी वापरली की पकड मरेपर्यंत हलत नाही, असं पिअरी म्हणे, आणि ते खरं होतं. नॉर्मनची पकड अशीच बसली होती. बत्तिसाव्या वर्षी, पिअरी गेल्यावर, क्लबाने त्यांना त्याच्या जागी नेमलं.

नेमलं म्हणजे काय मान दिला असं नव्हे. क्लबाच्या मोठ्या दालनात शिक्षकाने पाऊल ठेवायचं नाही. बोलावलं तर जायचं, टोपी हातात घेऊन. सभासद त्याला नुसतं 'क्राइटन' म्हणणार, तो सभासदांना 'साहेब' म्हणणार. त्यांचे धडे गवत कापण्याच्या यंत्रांच्या शेडमागे चालत, समुद्राच्या भिंतीलगतच्या पट्ट्यावर. गोल्फ न खेळणारे आम्ही लोक त्या भिंतीवर बसून चिप्स खायचो आणि त्यांच्या धड्यांवर हसायचो. पण चांगले शिकवायचे. कुणाची काठी कुठे वाकडी जाते ते त्यांना आवाजावरून कळे. पाठ फिरवून उभे राहून सांगत, 'डावा खांदा लवकर सुटतोय.' असायचंही तसंच.

बेथी डॉइग माझ्या वर्गात होती. शेवटून तिसरी. अपूर्णांक पाहिला की खिडकीबाहेर बघायची. वडील बोटीवर, आई जेसी मासे धुरावर सुकवायच्या शेडमध्ये. मैदान गावाच्या मालकीचं असल्यामुळे कुणाचीही पोरं तिथे खेळायची, फक्त सभासद आले की बाजूला व्हायचं. कुणीतरी फेकून दिलेली एक लांडी काठी बेथीने लहानपणीच मिळवली होती आणि ती एकटीच खेळत राहायची.

आता यातली मुख्य गोष्ट. बॅट धरताना उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात वर आणि उजवा खाली असतो. गोल्फच्या काठीचंही तेच. बेथीचं उलटं होतं. उजवा वर, डावा खाली. काठी खाली आणताना मनगटांची फुली पडायची. असं धरून चेंडू नीट उडायला नको. तिचा उडायचा, आणि दोरी ताणल्यासारखा सरळ जायचा. वारा असो, पाऊस असो. एक मारून झाला की त्याच जागेवरून ती दुसरा मारायची, तो पहिल्याच्या बाजूला पडायचा. तिच्या चेहऱ्यावर ना आनंद ना प्रयत्न. जांभई द्यावी तसं ते यायचं.

नॉर्मननी मला पुढे कधीतरी सांगितलं, "मी तीन आठवडे नुसता बघत होतो, बाई. शेडच्या फटीतून. तिला कळलं असतं तर ती बुजली असती."

पंधराव्या वर्षी तिने क्लबाचा मुलींचा कप जिंकला. मग जिल्ह्याच्या मुलींच्या संघासाठी तिचं नाव पुढे आलं. पुढच्या मे महिन्यात सामना. तो बघायला देशाच्या मुलींच्या संघाची निवड करणारे लोक येणार होते; चांगली खेळली तर तिथेही जागा. धुराच्या शेडमधल्या बाईची पोर, आणि देशाचा संघ. गावात दुसरा विषय नव्हता. पोस्टातही तेच आणि पाववाल्याकडेही तेच.

तेव्हा क्लबाच्या समितीवर मेजर ऑगिल्व्ही होते. त्यांनी नॉर्मनना दारापाशी बोलावून घेतलं.

"क्राइटन, पोरगी चांगली आहे. पण खेळते कशी? झाडू मारल्यासारखी."

"साहेब, चेंडू सरळ जातोय."

"आज जातोय. आणखी दोन वर्षांनी, मोठ्या मैदानावर, समोरून वारा असताना? शिवाय लोक काय म्हणतील? पिटहेवनला शिक्षक नाही का?"

बरीच वर्षं नॉर्मन स्वतःला सांगत राहिले की मेजरसाहेबांनी सांगितलं म्हणून केलं. नंतर तेही सांगेनासे झाले. "ते खोटं होतं," मला म्हणाले. "मलाच वाटत होतं. मला वाटलं, इतकं आत्ताच येतंय, तर नीट धरून केवढं येईल."

त्या हिवाळ्यात त्यांनी पिअरीच्या रीतीने तिच्यासाठी एक काठी केली. चामड्याखाली दोरा, दोऱ्याचे कंगोरे. ऑक्टोबरपासून रोज शाळा सुटली की पट्ट्यावर, पाऊस असला तर शाळेच्या व्यायामशाळेत जाळी बांधून. मी वह्या तपासत शाळेत बसलेली असे, तेव्हा त्यांचं बोलणं कानावर यायचं.

"टोचतंय, सर."

"टोचणारच. टोचायचं थांबलं की समज, बसलं."

"पण माझं बरं चाललं होतं ना?"

"बरं चालणं वेगळं आणि नीट चालणं वेगळं, पोरी. परत धर. अंगठा इथे. इथे गं."

वर्गात एक दिवस तिला पेन्सिल धरता येईना. बोटांना पट्ट्या लावलेल्या. मी विचारलं कशाने, तर म्हणाली गोल्फने. मी म्हटलं, "मग सोड गोल्फ आणि अपूर्णांक धर." वर्ग हसला. तीही हसली. मी काही फार मायाळू बाई नव्हते, तेव्हा ते तसंच सोडून देते.

मार्चमध्ये तिचा चेंडू आधीपेक्षा पंचवीस पावलं लांब जायला लागला. दिसायलाही आता पुस्तकातल्या चित्रासारखं. भिंतीवर बसलेले लोक टाळ्या वाजवत. मेजर ऑगिल्व्हींनी नॉर्मनना दालनात बोलावून व्हिस्कीचा एक पेला दिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. नॉर्मन तो उभ्या उभ्याच प्यायले आणि बाहेर आले.

मे महिन्यात सामना शेजारच्या गावी होता. क्लबाची गाडी बिघडलेली, म्हणून मी माझ्या गाडीतून तीन मुलींना घेऊन गेले. नॉर्मन पुढे माझ्या शेजारी. बेथी मागे बसून सँडविच खात होती आणि शेजारणीला म्हणत होती, "रेनीबाईंची गाडी गणितासारखी आहे, कुठे अडेल सांगता येत नाही." म्हणजे पोर मजेत होती.

पहिल्याच भोकाच्या सुरुवातीला ती चेंडूपाशी उभी राहिली. काठी धरली. हात काढले. परत धरली. परत काढले. मला वाटलं वाऱ्याचा अंदाज घेतेय. मग मी सवयीने मोजायला लागले. अकरा वेळा. समोरच्या मुलीची आई खोकली. बेथीने मान वर केली आणि नॉर्मनकडे पाहिलं. सामन्यात शिक्षकाने बोलायचं नसतं, बोललं तर खेळाडूला दंड. ते दोरीपलीकडे उभे होते. त्यांचे हात पोटासमोर पकडीत वळलेले होते, काही धरलेलं नसताना. त्यांना ते माहीतही नव्हतं.

तिने मारला. चेंडू जमिनीलगत सरपटत गेला आणि तीस पावलांवर थांबला.

जिला तिने आदल्या वर्षी सहज हरवलं होतं, तीच मुलगी होती. अठरापैकी बाराव्या भोकालाच सामना संपला. सात भोकं मागे, खेळायची उरली सहा, म्हणजे गाठणं शक्यच नाही. निवड करणारे लोक त्याआधीच दुसऱ्या सामन्याकडे निघून गेले होते.

एक सामना हरणं म्हणजे काही आकाश कोसळणं नव्हे. मी तिला परत येताना तसं सांगितलंही. ती म्हणाली, "हो बाई." खरी गोष्ट आठवड्याने घडली. नॉर्मननी तिला पट्ट्यावर बोलावलं आणि म्हणाले, "पोरी, सोडून दे ते. तुझं जुनंच धर."

तिने धरलं. उजवा वर, डावा खाली. चेंडू भिंतीवर आपटून दोघांच्या मधे येऊन पडला. दुसरा मारला, तो शेडवर. तिसरा लागलाच नाही. उन्हाळाभर ते दोघं तिथे उभे असायचे. आता भिंतीवर बसायला आम्हालाच नको वाटे. नवी पकड पट्ट्यावर जमायची, पण कुणी बघायला आलं की सुटायची. जुनी पकड कुठेच जमायची नाही. धरायला गेली की विचार यायचा, आणि विचार आला की संपलं. जे ती कधी शिकलीच नव्हती ते परत शिकायचं तरी कसं?

ऑगस्टमध्ये एक दिवस ती म्हणाली, "सर, हे हात आता कुणाचेच नाहीत."

दुसऱ्या दिवशी ती काठी शेडच्या दाराला टेकवून ठेवलेली होती. बेथी परत खेळायला आली नाही. दोन वर्षांनी शाळा संपली, ती ॲबरडीनला गेली, दवाखान्यात क्ष-किरणाचं काम शिकली, तिथेच राहिली. नाताळला आईकडे यायची आणि मैदानाच्या बाजूने न येता वरच्या रस्त्याने यायची.

त्यानंतर नॉर्मन क्राइटन यांनी कुणाच्याही हाताला हात लावला नाही.

मी पन्नासाव्या वर्षी गोल्फ शिकायला गेले. पाठ धरली होती, डॉक्टर म्हणाले चाला, आणि नुसतं चालणं मला मूर्खपणाचं वाटतं. पहिले चार धडे कसे झाले ते ऐका.

"कसं वाटलं?" ते विचारणार.

"मला काय वाटायचंय? चेंडू काटेरी झुडपात गेला."

"हो. पण मारताना कसं वाटलं?"

"अहो क्राइटन, मी तुमच्याकडे शिकायला आले आहे. माझं काय चुकतंय ते सांगा."

"चुकत असं काही नाही. तुमचं हे असं आहे. आणखी एक मारा."

"मी वर्गात असं केलं असतं तर? सात आठे किती, बाळा, आणि तुला कसं वाटतंय?"

ते हसले. "सात आठे छप्पन्नच असतात, बाई. तुमचे खांदे तुमचे असतात."

चिडून मी घरी यायचे. तरी खोटं बोलणार नाही, दोन वर्षांत मी बऱ्यापैकी खेळायला लागले, आणि पाठही गेली. आमच्या पोस्टमनचं, डेव्ही म्यूरचं, तर त्यांनी सोनं केलं. बोटीच्या यंत्रात त्याची दोन बोटं गेलेली. दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. नॉर्मन अख्खा उन्हाळा त्याच्यासमोर उकिडवे बसून बघत राहिले, आणि डेव्हीने आपल्या आठ बोटांची पकड आपणच शोधली. पुढे क्लबाचा कपही जिंकला. मोडकी, अडलेली, साठीची माणसं त्यांच्याकडे सुधारत. पण धडधाकट माणसाला उपदेश हवा असतो. तो न मिळाला की तक्रार करतो. तक्रारी येऊ लागल्या. 'क्राइटन काही सांगतच नाही.' 'नुसता बघत बसतो.' तरुण लोक शेजारच्या गावी जायला लागले. तिथे शिक्षकाकडे कॅमेरा होता.

शहाण्णव साली समितीत त्यांना कामावरून काढायचा विषय निघाला. तेव्हा समितीवर दोन बायका घेतल्या होत्या, त्यातली एक मी. सात विरुद्ध दोन. सातांत माझा हात होता. मला तेव्हा ते बरोबर वाटलं. बाहेर आले तर नॉर्मन शेडपाशी उभे. त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असणार.

"बरोबर आहे, बाई," ते म्हणाले. "शिकवायला माणूस ठेवला तर त्याने शिकवायला हवं."

मग आली त्यांच्या बायकोची, इनाची, आजारपणं, मग इना गेली. त्यानंतर मी त्यांना अधूनमधून दुपारी जेवायला बोलावत असे, जवाचं सूप आणि पाव, जास्त काही नाही. एकदा वाडगा तसाच ठेवून त्यांनी मला हे सगळं सांगितलं, वर लिहिलंय ते. सांगताना टेबलावर हात पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत होते.

"आयुष्यात असा फटका मी तीनदा पाहिला. दोघं जगभर गाजले. तिसरी माझ्या शेडमागे होती."

"तुम्ही मुद्दाम केलं का?"

"नाही."

"मग झालं."

"झालं नाही ना, बाई."

त्याच सुमारास ते भिंतीलगत एकटे जाऊन उलट्या हाताने चेंडू मारायला लागले. उजवा वर, डावा खाली. सत्तरीचा माणूस. तिच्या हातात ते कसं होतं हे आतून कळावं म्हणून. लोक म्हणाले क्राइटनचं डोकं गेलं. पोरं नक्कल करायची. चेंडू कुठेही जायचे. ते उचलून आणायचे आणि परत मारायचे, वर्षानुवर्षं.

एका पावसाळी दिवशी ते माझ्या दारात आले, टोपीवरून पाणी गळतंय, आणि आत न येताच बोलू लागले. पोस्टात त्यांना जेसी डॉइग भेटली होती. बोलता बोलता म्हणाली की बेथी चार वर्षांची असल्यापासून आजोबांबरोबर ओहोटीला वाळूत गळाला लावायचे किडे खणायला जायची, लहान फावडं घेऊन. आजोबा डावखुरे, त्यांचं बघून तिनेही डावा हात खाली धरला.

"म्हणजे ते गोल्फ नव्हतंच, बाई. ते खणणं होतं. मी तिला काठीकडून परत न्यायला बघत होतो. फावड्याकडून जायला हवं होतं. आधी खणायचं, हात गरम झाले की फावडं खाली ठेवायचं आणि लगेच काठी उचलायची. विचार करायला वेळच द्यायचा नाही."

"आत या आधी. भिजताय."

"येईल ते. मला खात्री आहे."

"अहो, ती पन्नाशीला आली. तिला आता गोल्फचं काय करायचंय?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी दार पुरतं उघडलं.

दुसऱ्या वर्षी, दोन हजार तेरात, जेसी वारली. चर्च झाल्यावर सभागृहात चहा आणि हॅमचे सँडविच होते. नॉर्मन लांब खुर्चीवर बसून बेथीकडे बघत होते, जवळ जात नव्हते. मग मला म्हणाले, "तुम्ही सांगाल का तिला? उद्या. पाच मिनिटं." मी सांगितलं. बेथी आता केस पिकलेली, नीटनेटकी, कुणाला तरी सतत सूचना देणारी बाई झाली होती. मला आवडली. ती म्हणाली, "येते की. सरांना भेटायचंच होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. नॉर्मन आमच्या आधीच वाळूत उभे. एका हातात लहान फावडं, दुसऱ्या हातात काठी, साधी, कंगोरे नसलेली. दाढी नीट केलेली.

"सर, हे काय? किल्ला बांधायचाय का?"

"जरा खण, पोरी. का ते विचारू नको."

ती हसली, माझ्याकडे बघितलं, कोट माझ्या हातात दिला आणि खणायला लागली. तिचा डावा हात खाली गेला. न बघता. मी नॉर्मनकडे पाहिलं. ते श्वास धरून उभे होते. तिने पाच-सहा फावडी वाळू उपसली, मग दहा. गाल लाल झाले.

"बस," ते म्हणाले, आणि फावडं तिच्या हातातून काढून त्याच क्षणी काठी दिली. चेंडू आधीच ठेवलेला होता.

तिने काठी घेतली. डावा हात वर गेला, उजवा खाली. दोन्ही अंगठे जिथे जायला हवेत तिथे गेले, एकदाच, न अडखळता. पिअरीची पकड. तेहतीस वर्षं काठीला हात लावला नव्हता तिने. तिने मारला. चेंडू ओल्या वाळूवरून उंच गेला आणि लांब, चांगला लांब, जाऊन पडला. चांगल्यापैकी फटका. माझ्यासारखीने मारला असता तर महिनाभर सांगत राहिली असती.

"बघा, सर," बेथी म्हणाली. "विसरले नाही. तुम्ही शिकवलंत ते अजून हातात आहे."

नॉर्मननी चेंडू पडला तिकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "बेथी, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"तुझे हात. तुझे उलटे हात होते ना. मी बदलले."

"होते का?" ती म्हणाली. "लहानपणी असतील. मला नाही आठवत, सर. किती वर्षं झाली."

"मे महिन्यातला सामना..."

"तो हरले एवढं आठवतंय. त्या वयात काय, सगळेच हरतात. मला तेव्हा तसाही कंटाळा आला होता." तिने काठी त्यांच्या हातात परत दिली आणि त्यांच्या गळपट्ट्याचं टोक नीट आत खोचलं. "थंडी आहे, बाहेर फार उभे राहू नका."

मी तिला स्टेशनावर सोडायला गेले. अर्धा रस्ता ती आईच्या घराच्या किल्ल्या कुणाकडे द्यायच्या ते सांगत होती. मग म्हणाली, "बाई, मी खोटं बोलले."

"कळलं मला."

"पहिलं वर्षभर, ॲबरडीनला, बसच्या थांब्यावर छत्री उलट्या हाताने धरून बघायचे. एकदा तरी ते येईल म्हणून. लोक बघायचे. मग सोडून दिलं." ती खिडकीबाहेर बघत होती. "त्यांना काय सांगणार? म्हातारे झालेत. रडले असते, मग मीही रडले असते. तुम्ही सांगू नका त्यांना. शब्द द्या."

मी दिला. पटकन दिला, गाडीची वेळ झाली होती.

त्या हिवाळ्यात नॉर्मननी मला तीनदा विचारलं. पहिल्यांदा क्लबाच्या फाटकाशी, दुसऱ्यांदा फोनवर. तिसऱ्यांदा जानेवारीत, दवाखान्यात. छाती भरली होती, उशांना टेकून बसवलेलं.

"रेनीबाई, तिला खरंच आठवत नसेल?"

"नाही म्हणाली ना ती. किती वेळा सांगू?"

त्यांनी पांघरुणावरचे आपले हात पालथे केले. "मला वाटायचं, ती मला शिव्या देईल. किंवा माफ करेल. दोन्हीची तयारी होती." मग म्हणाले, "तिलाच आठवत नाही, म्हणजे तो फटका मी एकट्यानेच पाहिला म्हणायचा."

"मीही पाहिलाय की."

"तुम्हाला तेव्हा गोल्फ कळत नव्हतं, बाई."

ते खरंच होतं. मी त्यांचं पाणी बदललं, रुमाल घडी करून ठेवला आणि घरी आले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते गेले. शब्द मोडायचा असतो तो कधी, हे मला त्यांना पुरून आल्यावर, कोट काढताना कळलं.